मान दुखते, तर मोबाइल अ‍ॅप बघून व्यायाम केले तर चालतील का?

तुमचा प्रश्न असा आहे: दिवसभर संगणकासमोर बसून मान आखडते, फिजिओथेरपिस्टकडे दर आठवड्याला जाणं जमत नाही, मग अ‍ॅपच्या भरवशावर घरीच व्यायाम केले तर फरक पडेल का? माझी मान वर्षभर दुखत होती. रात्री कोणत्या कुशीवर झोपू ते कळायचं नाही. ती मी बरीचशी अ‍ॅपच्याच मदतीने सावरली, म्हणून सांगतो, फरक पडतो.

पण हाताला मुंग्या येत असतील, हातातून वस्तू निसटत असतील, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा कमी झाला असेल, सोबत ताप असेल किंवा पडल्या-आपटल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तर अ‍ॅपच्या नादी लागू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

माझी सुरुवातच चुकली. फोन मांडीवर ठेवून मी व्हिडिओ बघत व्यायाम करायचो, म्हणजे मान सरळ करण्याचा व्यायाम मान खाली घालून चालला होता. डोक्याचं वजन साधारण 4.5 ते 5 किलो असतं. ते पुढे झुकलं की मानेमागच्या स्नायूंना ते सतत पेलून धरावं लागतं आणि ते थकतात. फोन डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. व्यायाम पाठ झाले की पडद्याकडे बघूच नका, नुसता आवाज ऐका. त्यामुळे अ‍ॅप निवडताना बोलून सूचना देणारं आहे का, हे मी सगळ्यात आधी बघतो.

अशा बहुतेक अ‍ॅपना तुमची मान दिसत नाही, ही मोठी अडचण. हनुवटी मागे नेण्याचा व्यायाम घ्या. नजर समोर ठेवायची, हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे न्यायची, 5 सेकंद थांबायचं, असं 8-10 वेळा. वाचायला सोपं आहे, पण मी त्यात नको इतका जोर लावत होतो. काम व्हायला हवं ते मणक्यांना लागून असलेल्या खोल स्नायूंचं. गळ्यावर हलकेच बोटं ठेवून बघा. दोन्ही बाजूंचे वरचे स्नायू दोरीसारखे ताठले तर जोर कमी करा. मी बाजूने व्हिडिओ काढला आणि एकदाच फिजिओथेरपिस्टकडे जाऊन पद्धत तपासून घेतली. ती एक भेट तुम्हीही टाळू नका, हा माझा आग्रह आहे.

बाकी खांद्यांची पाती मागे ओढून धरणं, कपाळावर तळवा ठेवून डोकं न हलवता हलका दाब देणं, मान बाजूला कलवून 20-30 सेकंद ताण देणं, एवढं पुरे. चाळीस व्यायामांची यादी देणारी अ‍ॅप मी आठवड्याभरात सोडली. चार व्यायाम आणि दहा मिनिटं, हे मात्र टिकलं. व्यायाम करताना ओढ जाणवली तर ठीक, पण कळ हातात उतरली तर तिथेच थांबायचं.

दुखणं 0 ते 10 मध्ये रोज नोंदवायला सांगणारी अ‍ॅप असतात. मला त्याने फायदा झाला नाही, उलट सकाळी उठल्याबरोबर मी मानेत दुखणं शोधू लागलो. त्यापेक्षा 1991 साली प्रसिद्ध झालेली ‘नेक डिसॅबिलिटी इंडेक्स’ ही प्रश्नावली मला उपयोगी पडली. वाचन, झोप, वजन उचलणं, गाडी चालवणं, काम अशांवर 10 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 50. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. मी ती तीन आठवड्यांनी एकदा भरायचो. सुरुवातीला 19 गुण होते, तीन महिन्यांनी 8 झाले.

आठवणीची घंटा कामाच्या ऐन मध्यात लावू नका, ती बंद करायचीच सवय लागते. चहाला किंवा पाणी प्यायला जिथे उठताच, तिथे लावा.

सहा ते आठ आठवडे नेमाने करून काहीच फरक वाटला नाही, तर तज्ज्ञांना दाखवा आणि जाताना अ‍ॅपमधली नोंद सोबत न्या. कोणता व्यायाम किती दिवस केला, हे तुम्हाला तिथे आठवत बसावं लागणार नाही.