वाचकांचे प्रश्न : गिरणीतल्या आठवणी आणि इतिहासाचा प्रकल्प

प्रश्न : मी सोलापुरात नववीत शिकते. विद्यार्थ्यांच्या इतिहास प्रकल्प स्पर्धेसाठी आमच्या शाळेने आम्हा चौघींचा गट निवडला आहे. ‘सोलापूरचा स्वातंत्र्यलढा’ हा विषय घ्यायचे आम्ही ठरवले होते. परंतु गटातील एका मैत्रिणीचे आजोबा कापडगिरणीत साच्यावर (मागावर) काम करीत असत आणि त्यांच्या आठवणींवर प्रकल्प करावा असे तिला वाटते. घरातल्या आठवणींना इतिहास म्हणता येईल का? परीक्षकांना असा विषय चालेल का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : चालेल, आणि माझे मत विचाराल तर तुम्ही चौघींनी तोच विषय घ्यावा. स्वातंत्र्यलढ्याचा विषय हलका आहे म्हणून मी हे सांगत नाही. 8 मे 1930 चा गोळीबार, 12 मे ते 30 जून या काळात शहरावर लादलेला मार्शल लॉ (लष्करी कायदा) आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना झालेली फाशी हा आपल्या शहराचा अभिमानाचा भाग आहे. मात्र ‘सोलापूरचा स्वातंत्र्यलढा’ हे एखाद्या जाडजूड ग्रंथाचे नाव आहे, प्रश्न नव्हे. आणि प्रश्न नसला की विद्यार्थी इंटरनेटवरचे चार परिच्छेद उतरवून घेतात, हुतात्म्यांची छायाचित्रे डकवतात आणि प्रकल्प पुरा झाला असे समजतात. तोच विषय घ्यायचा झाल्यास तो आवळून घ्यावा लागेल. उदाहरणार्थ, त्या मे महिन्यात गिरणी कामगार रस्त्यावर का उतरले, एवढाच प्रश्न घेतला तरी काम पुष्कळ आहे.

आता आजोबांविषयी. आठवण हे साधन आहे. ती तपासून, इतर साधनांशी ताडून मांडली की तिचा इतिहास होतो. त्यासाठी आजोबांनी जे स्वतः पाहिले ते आणि जे इतरांकडून ऐकले ते, असे दोन भाग वहीत पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. ते 1970 नंतर गिरणीत लागले असतील आणि 1930 च्या गोळीबाराविषयी सांगू लागले, तर ती ऐकीव गोष्ट आहे. ती टाकून देऊ नका. उलट ती त्यांना कोणी सांगितली हे विचारा, कारण कामगार वस्तीने ती घटना कशी जपली हे त्यातूनच कळेल.

‘गिरणीतले जीवन कसे होते?’ असे विचारल्यास ‘फार कष्टाचे होते’ एवढेच उत्तर मिळेल. भोंगा किती वाजता व्हायचा, एका वेळी किती साचे सांभाळावे लागत, बदली कामगाराला (कायम कामगाराच्या जागी रोजच्यापुरते काम करणाऱ्याला) काम मिळणार की नाही हे कोण ठरवीत असे, रात्रपाळीच्या डब्यात काय असायचे, कापसाच्या तुसाने खोकला होई का, असे विचारा. एका उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो, म्हणून प्रश्नांची यादी हाताशी असली तरी तिला चिकटून राहू नका. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्या आणि एखादी गोष्ट छापू नका असे ते म्हणाले तर ती छापू नका. आजीलाही विचारा, पगाराच्या दिवशी घरात काय होत असे, हे बहुधा तिलाच अधिक नेमके ठाऊक असते. तेलंगणातून येऊन येथे विणकामात स्थिरावलेली कितीतरी कुटुंबे घरात तेलुगू बोलतात. तुमच्या मैत्रिणीच्या घरीही तसे असेल, तर त्यांचे बोलणे आधी तेलुगूतच टिपून घ्या आणि मग शेजारी मराठी अर्थ लिहा. ते थेट मराठीत उतरवले तर त्यांचा आवाज हरवतो.

त्यानंतर घरातील ट्रंक उघडायला सांगा. हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा कागद, युनियनची पावती यांपैकी एक जरी वस्तू सापडली तरी आठवणीतील साल पडताळता येते. माणसाला प्रसंग चांगला आठवतो, साल मात्र मागेपुढे होते. कागदावरील आणि आजोबांनी सांगितलेले साल जुळले नाही, तर दोन्ही लिहा आणि तुम्हाला कोणते का पटते ते सांगा. परीक्षक म्हणून मी त्याच पानावर सर्वाधिक गुण देईन.

पार्श्वभूमीसाठी 1884 चा सोलापूर जिल्ह्याचा जुना गॅझेटियर (जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ) आणि 1977 ची सुधारित आवृत्ती पाहा. 1860 साली रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि 1877 साली ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, यांतील संबंध तुम्हाला तेथून शोधता येईल. जुना गॅझेटियर इंग्रज अधिकाऱ्यांनी राज्यकारभाराच्या सोयीसाठी लिहिला होता, हे वाचताना विसरू नका. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन स्थानिक इतिहासावरील पुस्तकांची चौकशी करा. कोणती माहिती कोठून घेतली हे त्याच वेळी, पृष्ठक्रमांकासह टिपून ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा अशाच स्पर्धेत भाग घेत आहे. इतर पालक संगणकावर सुबक फलक तयार करून देतात. मीही द्यावा का?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : फलक छापून आणण्यास हरकत नाही, परंतु त्यावरील मजकूर मुलाचाच असावा. परीक्षक फलकापाशी थांबून दोन-तीन प्रश्न विचारतात आणि मजकूर कोणाचा आहे हे तेथेच उघड होते. आपण त्याला वाचनालयात घेऊन जावे, मुलाखतीच्या वेळी सोबत बसावे, पण मध्ये बोलू नये. ‘हे तुला कसे कळले?’ हा प्रश्न मात्र त्याला घरी प्रत्येक परिच्छेदावर विचारावा. ज्याचे उत्तर त्याला देता येणार नाही तो परिच्छेद त्याने स्वतःच खोडावा.