ऑनलाइन शिकलेलं बीपी पेशंटसमोर का जमत नाही?

तू लिहिलंस, पहिलं वर्ष जवळजवळ सगळं ऑनलाइन गेलं, आता हायब्रिड, म्हणजे थोडं ऑनलाइन, थोडं प्रत्यक्ष, चालू आहे. लेखी परीक्षेत गुण उत्तम, पण पेशंटचं बीपी घेताना कानाला काहीच ऐकू येत नाही, आणि नर्सिंग आपल्याला जमणारच नाही असं वाटतं. गेली नऊ वर्षं मी विद्यार्थ्यांसोबत वॉर्डात उभी राहते आहे. तुझ्या कानाला सराव मिळालेला नाही, एवढीच गोष्ट आहे.

वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामात करणं. स्क्रीन पहिल्या दोन पायऱ्या छान चढवते. औषधशास्त्र, डोसचं गणित, ड्रिपचा वेग हे तर मी रेकॉर्डिंगवरच शिका म्हणेन. थांबवून चार वेळा बघता येतं.

पण एक प्रसंग सांगते. एका विद्यार्थिनीला ड्रेसिंगच्या सगळ्या पायऱ्या तोंडपाठ होत्या. आजोबांनी कळवळून पाय मागे घेतला आणि ती जागच्या जागी थिजली. शेजारच्या सिस्टरने आधी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, 'थांबते मी, तुम्ही सांगाल तेव्हा' म्हणाली. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटसोबतच्या कामाचे, निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने, म्हणजे खऱ्यासारख्या प्रसंगांच्या सरावाने, भरले, तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत. लोक हे ऑनलाइनच्या बाजूने सांगतात, ते मला पटत नाही. तिथे सरावासाठी मॅनेकिन (माणसाच्या आकाराचा पुतळा) होता, तयारीचे शिक्षक होते, नंतर चुकांवर चर्चा होती. एकट्याने खोलीत बसून डेमो पाहणं वेगळं.

हायब्रिडमध्ये खरी अडचण क्रमाची असते. कॅथेटरचा (शरीरात घालायच्या नळीचा) व्हिडिओ एका सत्रात, कॅथेटर हाताळायला मिळतो पुढच्या सत्रात. कॉलेज वेळापत्रक बदलेल न बदलेल, तू आदल्या रात्री त्याच प्रोसिजरचा व्हिडिओ बघ, आणि ड्युटीवरून आल्यावर पुन्हा बघ. दुसऱ्या वेळी नजर भलतीकडेच जाते, हातांच्या जागेकडे.

आता बीपी. कोपराच्या आतल्या बाजूची नाडी आधी बोटाने शोध, स्टेथोस्कोप तिथेच ठेव. मनगटाची नाडी धरून कफ, म्हणजे दंडावर बांधलेला पट्टा, फुगव. ती लागेनाशी झाली की आकडा लक्षात ठेव, हवा पूर्ण सोड, थोडं थांब. मग त्या आकड्याच्या ३० वर जा आणि सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर इतक्या सावकाश उतर. नवीन मुलं हवा भस्सकन सोडतात आणि पहिला ठोका तिथेच निसटतो.

आणि ट्यूटरकडे दोघांना एकदम ऐकता येणारा स्टेथोस्कोप माग. बहुतेक कपाटात पडून असतो. पहिला ठोका आला की त्यांना तुझ्या खांद्यावर बोट टेकवायला सांग.