पुंकेसरांच्या झाल्या पाकळ्या

प्रश्न : रानगुलाबाला पाचच पाकळ्या असतात. मग बागेतल्या गुलाबाला तीस-चाळीस कुठून येतात?

उत्तर : बहुतेक जास्तीच्या पाकळ्या म्हणजे रूप बदललेले पुंकेसर, म्हणजे फुलातले पराग देणारे नर अवयव. उमललेलं फूल बाहेरून आत सोलत जा. मध्याजवळ अरुंद, वेड्यावाकड्या पाकळ्या सापडतील. एखादीच्या कडेला पिवळा परागकोश चिकटलेलाही दिसेल. हा अर्धवट बदल फार बोलका आहे.

फुलाचा कुठला भाग कुठे घडतो, हे सांगणारं प्रारूप १९९१ साली कोएन आणि मायरोविट्झ या शास्त्रज्ञांनी मांडलं. त्यात जनुकांचे ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ असे तीन गट आहेत. एकट्या ‘ए’मुळे निदल (कळीबाहेरचं हिरवं दल), ‘ए’ व ‘बी’ मिळून पाकळी, ‘बी’ व ‘सी’ मिळून पुंकेसर, एकट्या ‘सी’मुळे स्त्रीकेसर. ‘ए’ आणि ‘सी’ एकमेकांना रोखतात. गुलाबात ‘सी’ गटातल्या ‘अ‍ॅगॅमस’ जनुकाचं क्षेत्र फुलाच्या मध्याकडे आक्रसलं, की मोकळ्या जागेत ‘ए’ पसरतो आणि पुंकेसरांऐवजी पाकळ्या होतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या अशीच झाडं निवडून वाढवली. पुंकेसर घटल्याने परागही कमी मिळतात.

कलमी झाडावर अचानक पाच पाकळ्यांची फुलं आली, तर जनुकांना दोष देण्याआधी बुंधा पाहा. ती फांदी बहुधा कलमाच्या सांध्याखालून, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खुंटातून फुटलेली असते. माती बाजूला करून ती मुळापासून काढा; वरवर छाटली तर पुन्हा फुटते.