दीडशे वर्षं जुनं .४५ कोल्ट काडतूस लोक अजून का वापरतात? त्याहून जोरकस .४४ मॅग्नम असताना हा नुसता जुन्याचा मोह नाही का?

मोह नाही. ‘नुसता जुन्याचा मोह’ हेच शब्द मी माझ्या साडूच्या तोंडून ऐकलेत, २०१८ च्या दिवाळीत, माझ्याच घरी फराळाला बसलेलो असताना. त्यानंतर तीन तासांत माझं रिव्हॉल्व्हर बाद झालं. तुमचा प्रश्न वाचला आणि ते सगळं पुन्हा वर आलं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मी मूळचा कुडाळ तालुक्यातला, गेली एकवीस वर्षं ॲरिझोनात. ग्रीन कार्ड झाल्यावर पहिलं शस्त्र घेतलं ते .४५ कोल्टचं सिंगल ॲक्शन, म्हणजे प्रत्येक बाराआधी घोडा हाताने ओढावा लागणारं रिव्हॉल्व्हर, १८७३ च्या कोल्टची इटलीत बनलेली नक्कल. सिनेमे बघून घेतलं असेल असं सगळ्यांना वाटतं. खरं कारण वेगळं आहे. नेमबाजीच्या रेंजवर एका वयस्कर गृहस्थांनी काळ्या दारूने भरलेलं एक काडतूस मला मारून बघायला दिलं होतं. चाप ओढला, समोर पांढऱ्या धुराचा लोट उभा राहिला आणि गंधकाचा वास नाकात गेला. तो वास मी बत्तीस वर्षांनी घेत होतो. आमच्या आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रात्री डुकरं हाकायला ती बाहेर निघायची, आणि मी त्यांच्यासोबत माळ्यावर घोंगडी पांघरून बसायचो.

त्या बंदुकीच्या गजावर आजोबांनी सुरीने एक खाच पाडलेली होती. बंदूक रिकामी असेल तर गज खाचेपर्यंत आत जायचा, भरलेली असेल तर खाच चार बोटं बाहेर राहायची. ठासायला घेण्याआधी गज घालून खाच बघायची, रोज, न चुकता. "दोनदा ठासलंस तर बंदूक तुकाच खातली," हे त्यांचं वाक्य. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता काडतुसाबद्दल. अमेरिकन लष्कराने १८७३ साली कोल्टचं रिव्हॉल्व्हर घेतलं ते या काडतुसासकट. मूळ भरणा ४० ग्रेन काळी दारू, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम, आणि पुढे २५५ ग्रेनची शिशाची गोळी, म्हणजे साडेसोळा ग्रॅम. वेग सेकंदाला ८५० ते ९०० फूट. आजच्या मानाने हा वेग काहीच नाही, आणि ‘फुसकं’ म्हणणारे सगळे याच आकड्यावर बोट ठेवतात. पण गोळीची जाडी बघा: साडेअकरा मिलिमीटर. हलकी, बारीक गोळी आत जाऊन पसरली तर तिचं काम होणार. ही घरातून निघतानाच रुंद आहे, तिने पसरायची गरजच नाही. जड असल्यामुळे सरळ आरपार जाते. आणि .४४ मॅग्नमची गोळी नावाला .४४ आहे, मोजायला गेलात तर .४२९ इंच भरते.

याची परीक्षा लष्कराने स्वतः अंगावर घेतलेली आहे. १८९२ मध्ये .४५ कोल्ट काढून त्यांनी नवं, हलकं .३८ लाँग कोल्ट घेतलं. पुढे फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्ये सुऱ्या घेऊन अंगावर यायला लागले आणि गोळ्या लागूनही थांबेनात. तेव्हा जुनी .४५ ची रिव्हॉल्व्हरं, नळ्या कापून साडेपाच इंच केलेली, पुन्हा सैनिकांना देण्यात आली. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात चाचण्या घेतल्या आणि निष्कर्ष काढला की लष्करी पिस्तुलाची गोळी .४५ पेक्षा लहान असू नये. १९११ च्या पिस्तुलाचं प्रसिद्ध .४५ एसीपी काडतूस त्यातूनच आलं. २३० ग्रेनची गोळी, सेकंदाला साधारण ८३० फूट. म्हणजे जुन्या काडतुसाचंच काम नव्या पिस्तुलातून. ज्याला माझे साडू नुसता जुन्याचा मोह म्हणाले, त्याच्या मापाशी लष्कर एकदा सोडून गेल्यावर परत आलं.

दिवाळीचं सांगतो. साडू टेक्सासहून आले होते. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, मनाने चांगले, पण हत्यार म्हटलं की .४४ मॅग्नम, दुसरं नाव नाही. चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "साडूभाऊ, दीडशे वर्षांपूर्वीचं काडतूस ते. नुसता जुन्याचा मोह. त्यात दम कुठाय?" मी म्हटलं, चला रेंजवर, दाखवतो. तिथे माझ्या साध्या काडतुसांनी मी पंधरा यार्डावर पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत घातल्या. पाचच, कारण जुन्या पद्धतीच्या सिंगल ॲक्शनमध्ये काडतुसांच्या सहा घरांपैकी एक रिकामं ठेवून घोडा नेहमी त्यावर ठेवायचा असतो. त्यांनी ऐकून घेतलं, हसले, आणि खिशातून मूठभर काडतुसं काढली. "ही मारून बघू. कुठल्याशा गन शोमध्ये घेतलीत, तुमच्याच मापाची. यांत जरा जीव आहे."

तळाशी .४५ कोल्टच लिहिलेलं होतं. मी शेजारच्या लेनवर माझी काडतुसं मोजत होतो आणि मी हो म्हटलं. ती चूक माझी.

पहिल्या बाराचा आवाजच वेगळा आला. नेहमीचा जाड, खोल ‘धप्प’ नव्हता, काहीतरी कोरडं फाटल्यासारखा कडाका होता. मी वळून बघेपर्यंत दुसरा झाला आणि त्यांचा हात कपाळापर्यंत उडाला. "थांबा" म्हणेस्तोवर तिसरा. चौथ्यासाठी त्यांनी घोडा ओढला तर तो अर्ध्यात अडकला. या रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढताना चार वेळा टकटक वाजतं, ज्याने वापरलंय त्याच्या कानात ते बसलेलं असतं. त्या दिवशी दोनच वाजले.

रेंजवरच्या माणसाने लाकडी खुंटीने ठोकून पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी नळकांडी, काढल्या. एरवी त्या बोटाने ढकलल्या तरी घरंगळत बाहेर येतात. सिलिंडर म्हणजे काडतुसं धरणारा फिरता गोल, त्याच्या बाहेरच्या अंगाला प्रत्येक घरावर एक खाच असते, सिलिंडर जागेवर धरून ठेवण्यासाठी. .४५ च्या सिलिंडरमध्ये पोलाद सगळ्यात पातळ तिथेच. तीनपैकी दोन घरांवर त्या खाचेत मसुराच्या डाळीएवढा फुगवटा आला होता. मी अंगठा फिरवून बघितला. आणखी एक बार झाला असता तर काय, हा विचार करत मी त्या रात्री झोपलो नाही. बाहेर मुलं फुलबाज्या लावत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीत त्या काडतुसांचा डबा सापडला. झाकणावर पट्टी होती: फक्त रुगरसाठी, म्हणजे रुगर कंपनीच्या दणकट रिव्हॉल्व्हरांसाठी. त्यांनी काडतुसं सुटी करून खिशात घातली होती आणि पट्टी गाडीतच राहिली होती. तरी निघताना दारात म्हणाले काय, "बघा, काडतूसच जुनं पडलं." रिव्हॉल्व्हर गेल्याचं दुःख मी गिळलं. हे वाक्य अजून गिळलेलं नाही.

काडतूस जुनं पडलेलं नव्हतं. .४५ कोल्टचा दाब ठरवून दिलेला आहे: प्रति चौरस इंच १४,००० पौंड. .४४ मॅग्नमचा ३६,०००. अडीच पटींहून जास्त फरक. गंमत अशी की दोन्हींची पुंगळी लांबीला सारखीच आहे, १.२८५ इंच. रुगर ब्लॅकहॉकसारखं जाड सिलिंडरचं दणकट रिव्हॉल्व्हर असेल तर हेच .४५ कोल्ट ३० हजारांच्या आसपास भरता येतं, आणि मग ते ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला १२०० फुटांनी फेकतं. म्हणजे दम हवा असेल तर दमही आहे, तोही मॅग्नमपेक्षा कमी दाबात. पण बाहेरून पुंगळी तीच, तळाचा शिक्का तोच. कोणतं सौम्य आणि कोणतं जहाल हे हातात घेऊन कळत नाही. माझ्या मते या काडतुसाचा एकच खरा दोष आहे तो हा, आणि त्याचं कारण एवढंच की लोकांना त्याच्याकडून दुसऱ्याचं काम करून घ्यायचं असतं.

हे आजचं नाही. बंदुकांवर लिहिणारा एल्मर कीथ, हे नाव रिव्हॉल्व्हरवाल्यांना माहीत असतंच. १९२५ च्या ४ जुलैला जास्त भरलेलं .४५ कोल्टचं काडतूस मारताना त्याच्या हातातलं सिलिंडर फुटलं. मग तो .४४ स्पेशलकडे वळला, कारण गोळी किंचित बारीक म्हणजे घरांच्या भिंती किंचित जाड. त्याच्या पुढच्या तीस वर्षांच्या खटपटीतून १९५५-५६ मध्ये .४४ मॅग्नम आलं. साडूभाऊंचं लाडकं काडतूस जन्माला आलंच मुळी .४५ वर नको तेवढा भार टाकल्यामुळे. हे मी त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, विषय बदलू नका.

आकड्यांपलीकडचं कारण हातात घेतल्याशिवाय पटणार नाही, तरी सांगतो. मॅग्नम थोबाडीत मारतं. .४५ कोल्ट ढकलतं. मूठ तळहातात सावकाश वर फिरते, अंगठा आपोआप घोड्यावर येतो, आणि तुम्ही पुढच्या बारासाठी तयार असता. दिवसभर शंभर गोळ्या मारल्या तरी मनगट दुखत नाही आणि पुढचा बार काढताना डोळे मिटत नाहीत. माझ्या बायकोला बंदुकांची मुळीच आवड नाही, पण तीही दर खेपेला दहा-बारा मारून जाते. काउबॉय नेमबाजीच्या स्पर्धांमध्ये हे काडतूस जोरात आहे ते नुसतं पोशाखाला शोभतं म्हणून नव्हे. शिवाय .४१० चं बारीक छऱ्याचं काडतूस आणि हे, दोन्ही चालणारी टॉरस जजसारखी रिव्हॉल्व्हरं निघाली, त्यानेही खप वाढला, पण त्यात मला रस नाही. जुन्या काळी विंचेस्टर रायफलमध्ये मात्र हे चालायचं नाही, तळाची कड फार बारीक होती. एकच काडतूस दोन्हींत हवं असलेले लोक .४४-४० घ्यायचे.

मी आता काडतुसं घरीच भरतो, कारण दुकानात महाग पडतात. इथे आजोबा कामाला येतात. ही पुंगळी काळ्या दारूसाठी बनलेली, त्यामुळे प्रशस्त. काळी दारू तोंडापर्यंत भरते, चुकून दोनदा घालायची म्हटलं तरी मावत नाही. आजची धूरहीन दारू मात्र तळाशी थोडीशी पडते, आणि दोनदाच काय, काही प्रकार तीनदा पडले तरी वरून गोळी बसते. म्हणून पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करतो, खोलीतला दिवा मालवतो आणि टॉर्च घेऊन एकेकीत डोकावतो. पन्नासही ठिकाणी दारूची पातळी सारखी दिसली की मगच गोळ्या बसवायच्या. मध्ये फोन वाजला तर पुन्हा पहिल्यापासून. साडूंना ज्याने तो डबा विकला त्याने टॉर्च लावला होता का, हे मला ठाऊक नाही. म्हणून अनोळखी माणसाने घरी भरलेलं काडतूस मी फुकट दिलं तरी घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. अस्वलाच्या मुलखात हिंडणार असाल आणि एकच रिव्हॉल्व्हर परवडत असेल तर .४४ मॅग्नम घ्या, त्यात सौम्य .४४ स्पेशलही चालतं. तेवढं मी मान्य करतो. रुगरचं म्हणून काहीही जहाल भरू नका: २००५ पासूनचं न्यू व्हाकेरो जुन्या व्हाकेरोपेक्षा बांध्याने लहान आहे, नावात फक्त ‘न्यू’ चा फरक. एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तर वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगणं हा इथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आधी वकिलाला विचारा. आणि रेंजवर वापरलेली बॅग घेऊन भारतात जाऊ नका. तळाशी एखादं जिवंत काडतूस राहिलं तर विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.

ते सिलिंडर मी टाकलेलं नाही. नवं बसवून रिव्हॉल्व्हर पुन्हा चालू केलं, जुनं काडतुसं भरायच्या टेबलावर ठोकळ्याशेजारी ठेवलंय. साडू या नोव्हेंबरात परत येणार आहेत. त्या दोन फुगवट्यांवर त्यांचा अंगठा एकदा फिरवून घेणार आहे.