बेसवरून फायनलला वळताना

नेरुळ, रविवार

पोरी,
अनेक आशीर्वाद.

सोलो झाल्याचे, पहिल्यांदा एकटीनं विमान उडवल्याचे, पेढे पोचले. फोनवर एक गोष्ट नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र.

इथल्या मासळी बाजाराच्या भिंतीवर घार उतरते ती आठव. भिंतीपाशी आली की पंख उभे करते, पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि ती टपकन बसते. हाही स्टॉलच, म्हणजे पंखांची उचल एकदम घटणं, पण वीतभर उंचीवर. आपल्याला तो उतरायच्या वळणात ५०० फुटांवर गाठतो. साध्या स्टॉलमधून सावरायलाच २००-३०० फूट जातात. स्पिन, म्हणजे गरगरत खाली पडणं, सुरू झाला तर हिशेबच संपला.

माझंच सांगतो. शिकत होतो. डावं सर्किट (रनवेभोवतीची डावीकडे वळत जाणारी फेरी), बेसला, म्हणजे रनवेला आडव्या टप्प्यात, पाठीमागून वारा, त्यामुळे फायनलची, म्हणजे रनवेच्या सरळ समोरची रेषा ओलांडून गेलो. जास्त बँक करायची, म्हणजे विमान तिरकं करायची भीती, म्हणून डावा रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक रनवेकडे वळवायला लागलो. डावा पंख आणखी झुकायला लागला, तर योक (विमानाचं स्टिअरिंग) उजवीकडे. नाक खाली जातंय, तर योक पोटाशी. विमान आडवं घसरतंय हे दाखवणारा बॉल पार उजव्या कोपऱ्यात, स्टॉलचा इशारा देणारा हॉर्न केकाटतोय आणि माझे डोळे रनवेवर! सरांनी हातावर हात मारून योक पुढे ढकलला. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "चार चुका केल्यास, आणि प्रत्येक वेळी तुला वाटलं आपण आधीची दुरुस्त करतोय."

योक उजवीकडे नेला की डाव्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची झडप, खाली येतं. त्या पंखाचा अँगल ऑफ अटॅक, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन, वाढतो, आणि वळणाच्या आतला तोच पंख आधी पडतो. वेग तर होता, असं म्हणू नकोस. तुझं सेसना १७२ पूर्ण वजनाला, फ्लॅपशिवाय (उतरताना खाली सोडायच्या पंखांच्या झडपा बंद असताना) साधारण ४८ नॉट्सला स्टॉल होतं. उंची धरून ४५ अंश बँक केलीस तर ५७ ला, ६० अंशांना ६८ ला. फ्लॅपने आकडे थोडे उतरतात, पण फायनलला तू ६५ नेच येतेस ना?

रेषा चुकली की गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर. लाज कसली त्यात? सुटलेल्या पनवेल लोकलमागे आपण धावत नाही. (धावतो, ते सोड.)

इन्स्ट्रक्टरला घेऊन ३००० फुटांच्या वर जा आणि वळणातले स्टॉल घोटून घे. हॉर्न वाजला की हात आपोआप पुढे गेला पाहिजे, विचार न करता. मग थ्रॉटल.

सुट्टीत आलीस की बाजारात जाऊ. बांगडे घेऊ, घारही बघू.

तुझे काका