नवऱ्याची नोकरी गेली आहे. ख्रिस्ती विश्वासाचा आधार रोजच्या जगण्यात कसा घ्यावा?

रोज ठरलेल्या वेळी दोघांनी दहा मिनिटं एकत्र प्रार्थना करा आणि मागणं त्या दिवसापुरतंच ठेवा. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही पोटापुरतं 'रोजची भाकर' एवढंच मागितलं आहे (मत्तय 6:11). शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र 13 मोठ्याने वाचा. सहाच वचनं, त्यातली पहिली दोन म्हणजे देवाला सरळ 'कुठवर?' असा सवाल. तक्रार केली म्हणून विश्वास उणा पडत नाही. 'काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये' हे वचन (2 थेस्सलनीकाकरांस 3:10) मात्र नवऱ्याला चुकूनही ऐकवू नका. ते वचन काम करायची इच्छाच नसलेल्यांविषयी आहे, नोकरी गेलेल्यांविषयी नाही. चर्चच्या पाळकांकडे नुसतं 'प्रार्थनेत आठवण ठेवा' न म्हणता किराणा, भाडं, फी अशी नेमकी अडचण मांडा, पण आधी नवऱ्याला विचारून. प्रार्थना अर्ज पाठवण्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे.