विनातिकीट प्रवाशाला टीसी ओढून खाली उतरवू शकतो का?

लोणावळा लोकलमध्ये टीसीने एका पोराला कॉलर धरून तळेगावला फलाटावर उतरवलं, हे चालतं का, असं तुम्ही विचारलंय. मी तिकीट तपासण्यातच नोकरी काढली, म्हणून सांगतो: उतरवणं चालतं, कॉलर नाही.

रेल्वे अधिनियम, १९८९ मधलं कलम १३९ बघा. भाडं आणि जादा आकार द्यायला जो नकार देतो, त्याला अधिकार दिलेला रेल्वे कर्मचारी उतरवू शकतो, मदतीला दुसऱ्यालाही बोलावू शकतो. म्हणजे आधी पैसे मागायचे; गरम डोक्याचे टीसी नेमकं हेच विसरतात. जोर किती लावायचा, हे कलमात लिहिलेलं नाही. आम्ही धरायचो तो अर्थ साधा: डब्याबाहेर काढायला लागेल तेवढाच. माणूस उठून चालायला लागला की हात सुटला पाहिजे. फलाटावर उतरल्यावर चपराक दिली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ (मुद्दाम इजा करणं) खाली तक्रार होऊ शकते. उलट प्रवाशाने टीसीवर हात टाकला, तर त्याच संहितेचं कलम १३२ आहे, म्हणजे सरकारी नोकराला कामात अडवण्यासाठी केलेला हल्ला.

रेल्वेच्या त्या कलम १३९ मधली एक अट फारशी कुणाला माहीत नसते. बाई किंवा मूल असेल आणि सोबत पुरुष नसेल, तर फक्त चढलेल्या स्टेशनवर, जंक्शनला, शेवटच्या किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या स्टेशनवरच उतरवता येतं. तेही दिवसाउजेडी. तुमचा तो पोरगा लहान आणि एकटा असेल, पुण्याहून चढला असेल, तर तळेगावला उतरवणंच चुकलं.

माझ्या वेळी कामशेतला एकाने दाराच्या दांड्याला अशी मिठी मारली की बोटं पांढरी पडली. लोकल थांबते ती किती! ओढाओढीत गाडी हलली असती तर दोघंही खाली गेलो असतो. सोडून दिलं. लोणावळ्याला आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) जवान दिसताच गड्याने मोज्यातून पाचशेची नोट काढली.



तक्रार करायची तर गाडी नंबर, वेळ आणि टीसीच्या छातीवरचं नाव टिपून ठेवा. रेल्वेचा तक्रारीचा फोन नंबरही १३९च आहे.